खालून वाचायची यादी

माझ्या पाठीवर, डाव्या फऱ्याच्या जरा खाली, एक जागा आहे. तिथे कोणी सहज बोट टेकवलं तरी मी अजून श्वास रोखून धरतो. न्हावी, शिंपी आणि बायको या तिघांनाही मी याचं वेगवेगळं कारण सांगितलेलं आहे. खरं कारण असं, की त्या जागेवर एका माणसाने मधल्या बोटाच्या पेराने तीनदा ठोकलं, कान लावला आणि अख्ख्या संघादेखत निकाल दिला, “पोकळ आहे. पण तडा नाही.”

त्यांना आम्ही तोंडावर काका म्हणत असू आणि पाठीमागे ठकठक. रेल्वेत तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. गाडी फलाटाला लागली, की लांब दांड्याचा हातोडा घेऊन रुळांच्या कडेने चालायचं आणि एकेका चाकावर ठोका मारायचा. चाक धड असलं तर घंटेसारखं वाजतं. तडा असला तर आवाज मध्येच बसतो. आत गादीवर झोपलेल्या प्रवाशाला पत्ताही नसतो, की खाली एक माणूस त्याच्या आयुष्यावर कान लावून उभा आहे. हे वाक्य माझं. काका स्वतः एवढं लांब बोलत नसत. ते म्हणत, “वाजतं ते खरं.”

निवृत्त झाल्यावर हातोडा खात्याकडे जमा झाला; सवय त्यांच्याकडे राहिली. आमच्या मैदानाच्या चढाखालच्या अमृततुल्यात ते कप आधी वाजवत, मग चहा पीत. एकदा त्यांनी एक कप न पिताच बाजूला सरकवला. मालकाने नाक मुरडून तो परत घेतला, आणि विसळताना कान त्याच्या हातात राहिला, कप बादलीत गेला. त्या दिवसापासून मालकाने काकांना खुर्च्यांना हात लावायची बंदी केली. एका लग्नात त्यांनी मांडवाचा खांब वाजवला आणि मुकाट्याने आपली खुर्ची दोन रांगा मागे घेतली. खांब पडला नाही. पण जेवणं उरकेपर्यंत त्या दोन रांगांत कोणी बसलंही नाही.

आता त्या अमृततुल्यातल्या मंडळींविषयी. तेव्हा पुण्यात कॉलेजांच्या बास्केटबॉलला बघायला चाळीस माणसं येत आणि वाद घालायला साठ. ही साठ माणसं गणपती उठल्यावर सुरू होणाऱ्या मोसमाचा निकाल जुलैतच लावून मोकळी होत. दहा संघ होते. कॉलेजांची नावं घ्यायला वेळ लागतो म्हणून आम्ही त्यांना बनियनच्या रंगावरून ओळखत असू. हिरवे, निळे, पिवळे, पट्टेवाले वगैरे. आम्ही विटकरी. मी त्या विटकरी संघातला बारावा खेळाडू होतो, म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि टाळ्या हे खातं माझ्याकडे होतं.

वादाचे मुख्य पुरोहित बापट. वय चाळिशीच्या आत, नोकरी बँकेत, आयुष्यात चेंडूला हात लावलेला नाही. पण त्यांच्याकडे एक वही होती आणि वहीत सगळ्या संघांची आठ वर्षांची कुंडली. कोणी म्हणालं, की पट्टेवाल्यांना यंदा नगरचा एक मुलगा मिळालाय, सहा फूट चार, तर बापट विचारत, “पाहिलात तुम्ही?” तो नाही म्हणाला, की बापट म्हणत, “मग तो सहा फूट चारच राहू दे.” आणि विषय संपे.

पण बापटांचा अंदाज हा अंदाज होता. काकांची यादी ही यादी होती.

दर जुलैत, संघ निवडले गेले, की काका सायकल काढत आणि पंधरा दिवसांत दहाही मैदानं फिरत. तिथे गेल्यावर ते काय करत, तर मैदानाकडे पाठ करून बसत. डोळे मिटलेले. मागे चेंडू आपटतोय, बूट करकरताहेत, पोरं धापा टाकताहेत, आणि हा म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसलेला. मी एकदा विचारलं, की काका, बघत का नाही. ते म्हणाले, “बघितलं की आवडतं. आवडलं की ऐकू येत नाही.”

मग एका सकाळी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे निळ्या पेन्सिलीने दहा रंग एकाखाली एक लिहिलेले दिसत. देवाच्या तसबिरीखालच्या खिळ्यावर कागद टोचलेला. वर मथळा नाही, खाली सही नाही. पहिल्या तिघा-चौघांत ती यादी सहसा चुकत नसे. मधल्या जागांत इकडेतिकडे व्हायचं. एवढ्यावर बापटांची वही दरवर्षी हरायची. खिळ्यावर जुन्या सात याद्या एकावर एक साचल्या होत्या. मालक त्या काढत नसे. काढल्या तर काय होईल हे माहीत नसल्यामुळे.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी आमचा संघ आजवरचा सर्वांत चांगला होता. कप्तान होता संपत, लोणी काळभोरचा. उंची सव्वासहा फूट, आवाज मात्र वर्गात हजेरी देतानाही ऐकू न येणारा. त्याचं हे शेवटचं वर्ष. मोसमाच्या पहिल्या दोन सामन्यांना एका सरकारी खात्याची माणसं येणार होती. खेळाडू म्हणून एकालाच नोकरी मिळणार होती. संपत खेळला असता तर ती त्याचीच होती, याबद्दल बापट आणि उरलेलं जग यांचं एकमत होतं.

आणि यादी लागली. पहिले हिरवे. दहावे विटकरी.

बापटांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “काका, कागद उलटा टांगलाय.”

काकांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. “सुलटाच आहे,” ते म्हणाले. “तुम्ही चुकीच्या टोकाकडून वाचता.” आणि सायकल घेऊन निघून गेले.

हसून झालं. टिंगल करून झाली. पण बापट हसत नव्हते. त्यांनी स्टूल घेतलं, खिळ्यावरच्या सगळ्या याद्या उतरवल्या, शेजारी स्वतःची वही उघडली आणि पहिल्यांदाच त्या याद्या खालून वाचायला घेतल्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. एका वर्षीचे दहावे, त्यांच्या पाच पोरांना मोसमाच्या तोंडावर कावीळ झाली होती. एका वर्षीच्या दहाव्यांचा कप्तान पहिल्याच सामन्यात गुडघा घेऊन बसला तो पुन्हा उभा राहिला नाही. बापटांचं बोट एकेका कागदावरून सरकत होतं. तिसऱ्या कागदावर ते थांबलं. त्या वर्षी निळ्यांचा एक मुलगा सामन्याआधी बुटाची नाडी बांधायला वाकला होता आणि तसाच पुढे कलंडला होता. डॉक्टर आले, पण उशिराच. पुण्यातल्या त्या साठही माणसांना हे माहीत होतं. तो दिवस सगळ्यांच्या लक्षात होता. यादी कोणाच्याच लक्षात नव्हती.

“निळे दहावे होते,” बापट म्हणाले. “माझ्या वहीत दुसरे होते.”

मालकाने स्टोव्ह बारीक केला. साठ माणसं इतका वेळ गप्प राहिल्याचं त्या दुकानाच्या इतिहासात दुसरं उदाहरण नसावं. इतकी वर्षं आम्ही त्या कागदावर कोण जिंकणार हे वाचत होतो, आणि लिहिणारा माणूस लिहीत होता की कोणती गाडी पोचणार नाही. धड संघ बहुधा जिंकतो, म्हणून वरचं बरोबर येत गेलं आणि आम्ही खुळ्यासारखे वरच्यावरच भांडत राहिलो.

ही बातमी मैदानावर पोचायला दहा मिनिटं लागली. आमचे सर अंधश्रद्धेच्या विरोधात होते, फक्त शनिवारी नखं कापत नसत. त्यांनी संपतला बाजूला घेऊन सुचवलं, की दिवाळीपर्यंत विश्रांती घे. संपतच का, हे कोणी विचारलं नाही. बाराजणांत बातमी होण्यासारखा तो एकटाच होता. दिवाळीपर्यंत विश्रांती म्हणजे ते दोन सामने गेले, आणि ती नोकरी गेली.  त्या दिवसापासून संपत फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला, की त्याचा एक हात छातीशी जायचा. शंभरातले नव्वद टाकणारा माणूस, निम्मे चुकवायला लागला.

रविवारी दुपारी तो मला घेऊन रास्ता पेठेत काकांच्या खोलीवर गेला. दोन जिने चढून. आत गेलो आणि पहिल्यांदा कळलंच नाही की काय चुकीचं वाटतंय. मग कळलं. त्या खोलीत एकही वस्तू दुसऱ्या वस्तूला टेकलेली नव्हती. कप खिळ्यांवर टांगलेले, दोन कपांत वीतभर अंतर. पातेली वेगवेगळी. दोन खुर्च्या दोन भिंतींना. मी एक खुर्ची ओढून दुसरीजवळ नेली तर काकांनी ती उचलून परत जागेवर ठेवली. म्हणाले, लागून ठेवलं की एकाचा आवाज दुसऱ्यात जातो.

आम्ही तिघे तीन कोपऱ्यांत बसलो. संपत म्हणाला, “काका, कुनाला हाय ते सांगा. मला असंल तर सांगा, मी घरी बसतो. पर नुसतं विटकरी लिहून कसं चालंल? आम्ही बारा जणं हाओत.”

“मी लांबून ऐकतो,” काका म्हणाले. “गाडीत तडा आहे हे कळतं. कुठल्या डब्याखाली, ते हात लावल्याशिवाय कळत नाही.”

“मग लावा हात.”

 काकांनी हळूहळू सांगितलं, की निळ्यांच्या वेळी ते त्यांच्या सरांकडे गेले होते. म्हणाले होते, एकदा मुलं वाजवून बघू द्या. सर फार सज्जन. त्यांनी चहा पाजला, विचारपूस केली आणि रिक्षात बसवून घरी पाठवलं. “त्यांचं चुकलं नाही. मीही तेच केलं असतं.” त्यानंतर पुन्हा कोणाला सांगायला गेले नाहीत. तळाला लिहीत राहिले. कोणीतरी वाचेल म्हणून.

सोमवारी पाच वाजता काका आले. आमचं मैदान पर्वतीच्या बाजूला, चांगल्या चढावर. सायकल ढकलत, घाम पुसत ते वर पोचले आणि न टेकताच कामाला लागले. आम्ही बाराजण बनियन काढून ओळीने पाठमोरे उभे. सर एका बाजूला, बापट दुसऱ्या बाजूला वही घेऊन. काका एकेकाच्या मागे उभे राहत, तीन ठोके देत, कान टेकवत. त्यांच्या कानाचा थंड स्पर्श आधी शेजाऱ्याच्या अंगावरच्या काट्यावरून कळायचा, मग आपल्या. माझा निकाल मी वर सांगितलाच आहे. त्या परिस्थितीतही पाच-सहाजण हसले.

संपत शेवटचा. त्याच्यामागे काका सर्वांत जास्त वेळ उभे राहिले. उंची पुरेना म्हणून त्याला खाली बसवलं. तीन ठोके. मग आणखी तीन.

“स्वच्छ,” काका म्हणाले.

संपत तसाच बसून राहिला. “पुन्यांदा बगा.”

“तीस वर्षांत एकाही चाकाने मला पुन्हा बघ म्हटलेलं नाही. ऊठ.”

आम्ही सुटलो. कोणीतरी बनियन हवेत उडवलं. सरांनी, आपण आधीच सांगत होतो असा चेहरा केला. पण काका जागचे हलले नाहीत. कपाळाला आठी घालून, मान तिरकी करून उभे होते. म्हणाले, “थांबा. मला अजून ऐकू येतंय.”

आम्ही थांबलो. चेंडू घरंगळत जाऊन कुंपणाला लागला आणि तोही थांबला. काकांनी बास्केटचा खांब वाजवला. बाक वाजवलं. सर नको नको म्हणत असताना सरांना वाजवलं. बापट आपण होऊन पाठमोरे झाले. सगळं धड. काका मैदानाच्या मधोमध आले, डोळे मिटले, आणि कोणाच्यातरी मागावर असल्यासारखी त्यांची मान हळूहळू खाली आली. मग त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट दुमडलं आणि स्वतःच्या छातीवर ठोकलं.

तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. पंधरा माणसं, मोकळं मैदान, आणि छातीच्या हाडावर बोट वाजल्याचा आवाज पाच फुटांवर येऊ नये. आला. आणि मध्येच बसला.

काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते आठवलं की मला अजून बरं वाटत नाही. “दहा मैदानं,” ते म्हणाले. “नऊ सपाटीवर. चढ चढून येतो तो फक्त तुमच्याकडे. म्हणून इथेच वाजतं. तुमच्या नावावर फुकट लिहिलं मी.” आणि त्यांनी खरोखर वाईट वाटून संपतची माफी मागितली.

संपतने त्यांच्या हातातून सायकल घेतली. “बसा मागं. डाक्टरकडं जायाचं.”

“धावती गाडी मी कधी थांबवली नाही. सांगायचं ते फलाटावर.”

“मग आता तुम्ही उभंच हाय की.”

 काका मागे बसले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चढ बंद केले, आणि जास्त विचारू नका म्हणाले. गोळ्यांची बाटली काकांनी वाजवून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिळ्यावरची यादी सुधारली. विटकरी दुसरे. बाकीचे एकेक जागा खाली. आणि तळाला, अकरा आकडा घालून, “मी.”

त्यानंतर आम्ही पुण्यातले सर्वांत विचित्र रसिक झालो. साठ माणसं देव पाण्यात ठेवून वाट बघत होती की यादी चुकावी. पट्टेवाले पाचवे यायचे ते सहावे आले तर पेढे वाटायची बापटांची तयारी होती. पण पट्टेवाले पाचवे आले. पिवळे सातवे आले. मधल्या जागांत एरवी हमखास घसरणारी यादी त्या वर्षी एकेक खण भरत चालली होती आणि प्रत्येक खण भरला की आमच्यातला कोणीतरी उगाचच काकांना, बरंय ना, असं विचारून यायचा. संपतला नोकरी मिळाली, तीही बातमी आम्ही घाईघाईत साजरी केली. कारण तोवर तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत सगळं जुळलं होतं, आणि अंतिम सामना हिरवे विरुद्ध विटकरी असाच होता. आम्ही दुसरे आलो, की दहाच्या दहा जागा बरोबर. मग अकरावीकडे कोणी बघायची हिंमत करणार नव्हतं.

काका आले होते. रिक्षाने. मैदानाकडे पाठ करून बसले.

सामन्याचं वर्णन करत नाही, करायला लागलो तर मी आवरत नाही. शेवटची चार सेकंदं, आम्ही एका गुणाने मागे, संपतला दोन फ्री थ्रो. नोकरी खिशात होती. त्याला तो सामना जिंकून स्वतःसाठी काहीही मिळवायचं राहिलेलं नव्हतं. तो रेषेवर उभा राहिला आणि त्याने बास्केटकडे नव्हे, काकांच्या पाठीकडे पाहिलं. दोन्ही टाकले.

शिट्टी झाली आणि साठ माणसं संपतकडे न जाता काकांकडे धावली. बापट सर्वांत पुढे. वही कुठेतरी पडली होती. “काका, चुकली,” ते ओरडले. “तुमची यादी चुकली.”

काकांनी डोळे उघडले, खिशातून निळी पेन्सिल काढली आणि स्वतःजवळच्या यादीच्या प्रतीवर पहिल्या दोन नावांची अदलाबदल केली. पेन्सिल खाली सरकली. अकराव्या ओळीवर आम्ही सगळे वाकलो होतो. संपत धापा टाकत येऊन उभा राहिला होता. काकांनी ती ओळ तशीच ठेवली आणि कागद घडी करून त्याच्या हातात दिला.

“ही क्रमवारी आहे,” ते म्हणाले. “वेळापत्रक नाही.”

त्यानंतर ते चार वर्षं होते. संपत दर रविवारी त्यांच्याकडे जायचा, वीतभर अंतरावर बसून यायचा. दर जुलैत यादी लागायची, अकराजणांची. आम्ही ती तळापासून वाचत वर जायचो. “मी” दिसला, की अर्धा चहा तिथेच जास्त गोड व्हायचा, मग आमच्या भांडणांना खरा रंग चढायचा.

पाचव्या जुलैत मी दुकानात पोचलो तेव्हा बापट हर्षभराने सगळ्यांना आत बोलावत होते. पहाटेच काका स्वतः येऊन यादी लावून गेले, चहासुद्धा न घेता, असं मालक सांगत होता. तळाला दहावे पिवळे होते. त्याखाली काही नव्हतं. अकरावी ओळच नव्हती. बापट म्हणाले, तडा भरला, गोळ्या लागू पडल्या, मी वहीत लिहून ठेवतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. संपत कामावर जाता जाता थांबला होता, खात्याच्या गणवेशात. त्याने यादी एकदा वाचली, भरलेला कप खाली ठेवला आणि पायऱ्या उतरून धावत सुटला.

रास्ता पेठेतले दोन जिने तो कसा चढला ते त्यालाच माहीत. उशीर झाला होता, फार नव्हे, तासभर. त्याच्या आधी हे आम्हा साठजणांत कोणाच्याच लक्षात आलं नाही, याची मला अजून लाज वाटते. इतक्या जुलैत आम्ही त्या कागदाशी भांडलो होतो, आणि एवढं तरी आम्हाला ठाऊक असायला हवं होतं, की जो मोसमाला उतरणार नसतो त्याचं नाव काका यादीत घालत नसत.